घोडनदी ते केडगाव : ख्रिस्ती गीत आणि आपला गळा

दलित साहित्याची चर्चा करताना आपण जलशापाशी थांबतो, शाहिरापाशी थांबतो, फार तर पोतराजाच्या आणि वाघ्या-मुरळीच्या गाण्यापर्यंत मागे जातो. पण त्याच वस्तीत, विहाराच्या भिंतीला लागून, रविवारी सकाळी पेटीवर आणि ढोलकीवर जे भजन चालू असते, त्याच्याकडे आपल्या समीक्षेने कान दिलेला नाही. ते गाणे परक्याचे, मिशनऱ्याचे, अशी एक सोयीची समजूत आपण करून घेतली आहे. ही समजूत तपासून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मी शिरूर तालुक्यातला. आमचे घर १९५६ नंतर बौद्ध झाले. माझ्या मावशीचे घर त्याच्या कितीतरी आधी ख्रिस्ती झालेले. दोन घरांत एका बोळाचे अंतर. लहानपणी मी दोन्हीकडे जेवलो आणि दोन्हीकडची गाणी ऐकली. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे त्यात अलिप्त समीक्षकाचा आव नाही. ज्या गाण्याविषयी मी बोलतो आहे ते माझ्या रक्ताच्या माणसांचे गाणे आहे, आणि त्याच्याशी माझे भांडणही आहे.

शिरूर म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडी घोडनदी. येथे इंग्रजांची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री जी तुकडी कोरेगावकडे निघाली, ती याच शिरूरहून. दुसऱ्या दिवशी भीमेकाठी महार सैनिक लढले, आणि १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथील स्तंभापुढे उभे राहिले. हा इतिहास आपल्या पोरालासोरालाही पाठ आहे. पण छावणीच्या पाठोपाठ शिरूरला अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे आले, औद्योगिक शाळा आली, आणि आसपासच्या खेड्यांतले महार-मांग त्या शाळेच्या ओट्यावर प्रथम अक्षर शिकले, हा इतिहास मात्र आपण सांगत नाही. स्तंभ आपला आणि शाळा परक्यांची, असे होत नसते. ज्या समाजाने बंदूक हाती धरली त्याच समाजाने पाटी हाती धरली. दोन्ही गोष्टी पोटासाठी होत्या आणि दोन्ही मानासाठीही होत्या.

या मिशनचे मुख्य केंद्र अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर. १८३१ साली तेथे काम सुरू झाले, १८४२ साली ‘ज्ञानोदय’ निघाले. याच ‘ज्ञानोदया’त १८५५ साली जोतीराव फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मुक्ता मांग-महारांच्या दुःखाविषयी बोलली. अस्पृश्य स्त्रीचा छापील शब्द मराठीत पहिल्यांदा उमटला तो या पत्रात. मुक्ता ख्रिस्ती झाली नव्हती. तिने धर्म नावाच्या गोष्टीलाच प्रश्न विचारला होता. पण तिचा प्रश्न छापायला खिळे मिशनचे होते. तेव्हा ख्रिस्ती छापखाना आणि दलित शब्द यांचे नाते आजचे नाही. ते गुंतागुंतीचे आहे, आणि कृतज्ञता व संशय या दोन्हींनी भरलेले आहे.

आता गाण्याकडे वळतो.

मराठी ख्रिस्ती गीत म्हटले की एक नाव अटळपणे समोर येते : नारायण वामन टिळक. जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव. जातीने चित्पावन. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा, नंतर नगरला वास्तव्य, आणि ९ मे १९१९ रोजी मृत्यू. मराठी काव्याच्या इतिहासात त्यांची ओळख फुलांचा आणि मुलांचा कवी अशी करून दिली जाते. पण नगर, राहुरी, शिरूर, सोलापूर या पट्ट्यातल्या ख्रिस्ती माणसाला फुलांचे टिळक ठाऊक नाहीत. त्याला ठाऊक आहेत ते ‘उपासना-संगीता’तले टिळक. रविवारी उपासनेत, लग्नात, मयताच्या पुढे तो जे गातो त्यातला फार मोठा वाटा या एका माणसाचा आहे. एका कवीने एका समाजाच्या तोंडी एवढी भाषा घालावी, असे उदाहरण आधुनिक मराठीत दुसरे सापडणे कठीण.

टिळकांचे मोठेपण नेमके कशात, हे आधी स्वच्छ सांगितले पाहिजे. त्यांच्या आधी चर्चमध्ये विलायती चालीवर बसवलेली भाषांतरे गायली जात. शब्द मराठी, पण श्वास परका. मराठी वाक्याचा भार जेथे पडतो तेथे सूर उचलायचा नाही, आणि सूर उचलतो तेथे शब्द अर्धा तुटायचा. टिळकांच्या आधीच्या पिढीत नगरच्या कृष्णराव रत्नोजी सांगळे यांच्यासारख्यांनी देशी चालीची पदे रचली, ख्रिस्ती कीर्तन उभे केले. त्या वाटेचा राजमार्ग टिळकांनी केला. अभंग, ओवी, पद, आरती हे सगळे साचे त्यांनी वापरले. ख्रिस्ताला त्यांनी माउली म्हटले, गुरू म्हटले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भूमिका होती. परक्या पोशाखात आलेला देव त्यांनी मराठी पंगतीला बसवला, आणि हे काम करताना भाषेला कोठे ठिगळ लावले नाही.

दुसरे मोठेपण त्यांच्या वर्तनात आहे. टिळक मिशनच्या पगारावर होते, आणि मिशनऱ्यांचा वरचष्मा त्यांना सतत सलत होता. १९१७ साली त्यांनी पगार सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. संस्थेचा आधार तोडून एकट्याने गात सुटलेला कवी, असे हे चित्र आहे. ते मनोहर आहे, आणि खरेही आहे. परंतु येथेच मला पहिला प्रश्न पडतो. त्याच मिशनमध्ये शेकडो महार-मांग ख्रिस्ती उपदेशक, शिक्षक, बायबल सांगत फिरणाऱ्या बाया तुटपुंज्या पगारावर राबत होत्या. त्यांच्यापैकी कोणाला मिशनशी पटले नाही म्हणून पगार सोडता आला असता काय? सोडला असता तर तो गावकीच्या कामाला परत गेला असता. मेलेली ढोरे ओढायला गेला असता. टिळकांनी पगार सोडला तेव्हा त्यांच्यापाशी विद्या होती, कीर्ती होती, आणि धर्म सोडला तरी न सुटणारी जातीची पत होती. एकट्याने चालण्याचे स्वातंत्र्यसुद्धा या देशात सगळ्यांना सारखे वाटून मिळालेले नाही. यात टिळकांची निंदा नाही. त्यांचा त्याग खराच होता. पण त्याग करण्यासाठी आधी काहीतरी हाती असावे लागते, एवढे समीक्षेने विसरू नये.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे, आणि तो थेट काव्याविषयी आहे. टिळकांच्या भक्तिगीतांचा स्थायीभाव शरणागतीचा आहे. ‘मी’ विरघळून जावा, अहंकार गळून पडावा, आपण कोणी नाही हे उमगावे, ही त्यांची तळमळ आहे. ज्याचा जन्म पूजेच्या पाटावर झाला, ज्याच्या पायाचे तीर्थ लोकांनी घेतले, त्याने ‘मी कोणी नाही’ असे म्हणावे, ही क्रांती आहे. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रां’त सोवळे गळून पडण्याची जी हकीकत सांगितली आहे, ती याच क्रांतीची घरगुती बाजू आहे. जात माणसाने केली, देवाने नव्हे, हे त्यांना स्वतःशी विचार करता करता उमगले आणि त्या कोणाच्याही हातचे पाणी पिऊ लागल्या. परंतु तेच पद शिरूरच्या महारवाड्यातल्या म्हातारीच्या तोंडी गेले की त्याचे काय होते? ‘तू कोणी नाहीस’ हे तिला गावाने जन्मभर सांगितलेच होते. वेशीपासून विहिरीपर्यंत प्रत्येक दगड तिला तेच सांगत होता. आता तिने तेच स्वतःच्या तोंडाने, टाळ वाजवून, देवापुढे म्हणायचे? ब्राह्मणाला ‘मी’ मारायचा असतो. दलिताला तो अजून जन्माला घालायचा असतो. एकच अभंग एकाला मोकळे करील आणि दुसऱ्याला पुन्हा वाकवील.

या ठिकाणी रूपाचा विचार करणे अगत्याचे आहे. अभंगाचा साचा आधुनिक काळात तिघांनी तीन तऱ्हांनी वापरला. जोतीराव फुल्यांनी तो घेतला, त्याचे नावच बदलून ‘अखंड’ केले, आणि त्यात निर्मिकाला ठेवले. साचा घेतला, पण त्यातली शरणागती टाकली आणि तेथे युक्तिवाद घातला. टिळकांनी साचा घेतला, त्यातला विठोबा काढून ख्रिस्त ठेवला, परंतु भक्ताची मुद्रा होती तशीच राहू दिली. आंबेडकरी जलशाने तमाशाचा साचा घेतला, गणातला गणपती काढला, गौळणीची थट्टा काढली, आणि भक्ताच्या जागी लढणारा माणूस उभा केला. फुले आणि जलसा यांनी देवाबरोबर भक्तही बदलला. टिळकांनी देव बदलला. माझ्या मते ‘उपासना-संगीता’च्या सामर्थ्याचे आणि मर्यादेचे मूळ येथे आहे.

यावर कोणी म्हणेल, टिळकांचा पूल तुकारामाचा होता, त्यात वाईट काय? वाईट काही नाही. पण त्याच वारकरी परंपरेत पायरीपाशी थांबवलेला चोखोबा होता. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मुळाविषयीचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला, तो उगाच नव्हे. ज्यांच्या तोंडी हे गीत जायचे होते त्यांच्यासाठी खरा पूल तुकारामाच्या देहूचा नव्हता. तो चोखोबाच्या पायरीचा होता. देवळाबाहेरून मारलेल्या हाकेतून दलिताचे ख्रिस्ती गीत सुरू व्हायला हवे होते.

आता भीमा ओलांडून दौंड तालुक्यात जाऊ. केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन आहे. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा पुण्याचे सारे पांढरपेशे जग त्यांच्यावर तुटून पडले. त्यांची बाजू घेऊन १८८५ साली ‘सत्सारा’त लिहिणारा माणूस होता जोतीराव. १८८९ साली मुंबईत शारदासदन निघाले ते उच्चवर्णीय विधवांना समोर ठेवून. पण १८९६-९७ च्या दुष्काळाने रमाबाईंचे काम बदलून टाकले. मध्य प्रांतातून उपाशी मुली, बाया आणल्या गेल्या, केडगावच्या माळरानावर वस्ती उभी राहिली, आणि तेथे जात विचारण्याची सोयच उरली नाही. पोथीने जे केले नाही ते दुष्काळाने केले. १९०५ साली मुक्तिसदनात जी धार्मिक लाट उसळली तिची वर्णने जगभर गेली. शेकडो मुली एकाच वेळी, मोठ्याने, आपापल्या शब्दांत प्रार्थना करीत होत्या. मला त्या घटनेतल्या चमत्काराशी कर्तव्य नाही. मला त्यात दिसते ते एवढेच की ज्यांना आयुष्यात कधी कोणी बोलू दिले नव्हते अशा मुली एकदम बोलू लागल्या. पुढाऱ्याने सांगायचे आणि इतरांनी म्हणायचे, ही रीत त्या दिवसांपुरती मोडली.

रमाबाईंचा टिळकांशी तुलना करण्याजोगा विशेष म्हणजे त्यांची भाषेविषयीची दृष्टी. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध बायबल मराठीत आणले. १९२२ साली मृत्यू येईपर्यंत त्या हेच काम करीत होत्या, आणि ते केडगावच्याच छापखान्यात छापून १९२४ साली बाहेर आले. त्यांचा कटाक्ष होता की शब्द साधे हवेत, अडाणी बाईला कळावेत, आणि जुन्या धर्माचा वास लागलेले संस्कृत शब्द शक्यतो टाळावेत. म्हणजे पाहा : टिळक म्हणतात, जुनी भाषा घ्या, तिच्यात नवा देव बसवा. रमाबाई म्हणतात, जुन्या भाषेत जुना देव लपून बसतो, म्हणून शब्दच झाडून घ्या. दोघेही ब्राह्मण कुळातले, दोघेही संस्कृत जाणणारे. कवी म्हणून टिळक जिंकले. रमाबाईंचे भाषांतर चर्चमध्ये रूढ झाले नाही, टिळकांची पदे झाली. पण विचार म्हणून मला रमाबाईंची शंका आपल्या चळवळीच्या अधिक जवळची वाटते. दलित लेखकांनी साठ-सत्तरच्या दशकांत प्रमाण मराठीविषयी नेमकी हीच शंका घेतली होती. फरक असा की रमाबाईंनी शब्द काढून टाकले, आणि दलित लेखकांनी काढून टाकलेले शब्द परत आणले.

येथवर मी कवींविषयी बोललो. परंतु गीत कवीचे असते तेवढेच गाणाऱ्याचे असते. केवळ शब्दांवरून निकाल देणे हा पांढरपेशा समीक्षेचा दोष आहे, तो मी करणार नाही. शिरूर-दौंडच्या खेड्यांत मांगाने हलगी वाजवायची, सनई फुंकायची, आणि देवळाच्या बाहेर उभे राहायचे, अशी रीत होती. वाजवणारा बाहेर, देव आत. वाजवणे हे त्याचे गावकीचे काम होते. त्याचा हात त्याचा नव्हता. तोच माणूस ख्रिस्ती झाला आणि उपासनेत ढोलकीला बसला तेव्हा पहिल्यांदा तो देवासमोर बसून वाजवू लागला. महाराचा पोर कीर्तनकार झाला, मधोमध उभा राहून त्याने शास्त्र सांगितले, आणि समोर बसलेल्यांनी माना डोलावल्या. शास्त्र सांगणारा महार! पदातले शब्द शरणागतीचे असतील, पण उभे राहण्याची ती जागा विद्रोहाची होती. माझी मावशी ‘मी पापी’ असे म्हणायची तेव्हा तिचा आवाज सगळ्या वस्तीत वर चढायचा. ती वाकत नव्हती. शब्द खाली जात होते आणि गळा वर जात होता. ही विसंगती मी लहानपणी ऐकली, तिचा अर्थ मला फार उशिरा कळला.

तरीही एक गोष्ट उरते. गळा आमचा, हात आमचा, ठेका आमचा. शब्द मात्र आमचे नाहीत. शंभर वर्षांत आमच्या माणसांनी काहीच रचले नाही काय? रचले. हे मी ऐकीव सांगत नाही.

माझा मावसभाऊ, वयाने माझ्याहून मोठा म्हणून मी त्याला अण्णा म्हणतो, तीस-पस्तीस वर्षे गातो आहे. आधी तो चर्चच्या भजनी मंडळात होता. नंतर मंडळ सोडले आणि एकटा गाऊ लागला. रांजणगावच्या कारखान्यात कंत्राटी काम, आणि रात्री पेटी. शिरूरपासून दौंडपर्यंत जेथे बोलावतील तेथे जातो. ख्रिस्ती लग्नात गातो, आणि १४ एप्रिलला आमच्या वस्तीत भीमगीतेही गातो. भेटला की आधी ‘जय भीम’ म्हणतो, निघताना ‘जय ख्रिस्त’. त्याची स्वतःची पदे वीस-बावीस आहेत. त्यातले एक शोमरोनी बाईवर आहे. योहानाच्या शुभवर्तमानात कथा आहे : दुपारची वेळ, विहीर, एकटी आलेली बाई, आणि येशू तिच्याजवळ पाणी मागतो. ती चकित होते, कारण त्याची माणसे तिच्या माणसांच्या हातचे काही घेत नाहीत. चर्चमध्ये या कथेवर प्रवचन होते ते बाईच्या पाच नवऱ्यांवर आणि तिच्या पापावर. अण्णाचे पद पापाकडे वळतच नाही. त्याची बाई येशूला विचारते की, तू माझ्या हातचे पितोस, पण उद्या तुझी माणसे या विहिरीवर मला चढू देतील काय? आणि पद तेथेच थांबते. येशूचे उत्तर त्यात नाही. ठेका हलगीचा आहे, आणि शेवटच्या ओळीला तो एकाएकी तुटतो.

टिळकांच्या पदांची सफाई या पदाला नाही. यमक दोन ठिकाणी लंगडते, मधले कडवे पसरट आहे. परंतु येथे भक्त बदललेला आहे. तो देवाला प्रश्न विचारतो आहे. महाडच्या तळ्याचे पाणी या विहिरीत झिरपले आहे. १९८१ साली बंगळूरला अरविंद निर्मल यांनी भारतीय ख्रिस्ती धर्मविचार तळातल्या माणसापासून सुरू झाला पाहिजे असे मांडले. त्यातून पुढे दलित ईश्वरविद्या म्हणून जी विचारधारा वाढली तिच्यावर ग्रंथ निघाले. अण्णाने त्यातला एकही वाचलेला नाही. त्याने ते हलगीवर मांडले.

मी त्याला म्हणालो, अण्णा, हे पद छापू. तुझ्या नावाने छापू. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “भाऊ, नाव घालू नको. पोरीचा दाखला आहे.”

त्याच्या मुलीच्या जातीच्या दाखल्यावर हिंदू महार असे आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जात हिंदूंपुरती ठेवली. १९५६ साली शीख आत आले, १९९० साली आपण बौद्ध आत आलो. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेर राहिले. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात जागा आहे. पण अनुसूचित जातीचे आरक्षण नाही, आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कवचही नाही. २०२२ साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग या प्रश्नावर नेमला गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात सांगितले की, ख्रिस्ती धर्म आचरणाऱ्याला आरक्षणापुरते हिंदू म्हणवून घेता येणार नाही. कायद्याची बाजू मी समजतो. पण गावाची बाजूही मला ठाऊक आहे. अण्णा चर्चला जातो म्हणून गावाने त्याची जात कधी पुसली नाही. शिवी देताना कोणी बाप्तिस्म्याचा दाखला मागत नाही.

तर या कवीला नाव नाही ते यामुळे. टिळकांच्या पदाखाली टिळक आहेत. अण्णाच्या पदाखाली कोणी नाही. फोनवर त्याची गाणी फिरतात. त्यात आवाज आहे, पेटीवरचे हात आहेत, चेहरा नाही. अभंगाच्या शेवटी कवी आपले नाव घालतो. ‘चोखा म्हणे’ असे म्हणण्याचा अधिकार चौदाव्या शतकात पायरीवरच्या महाराने घेतला. एकविसाव्या शतकात तो अधिकार अण्णाला परवडत नाही. दलित ख्रिस्ती गीत का वाढले नाही, याचे उत्तर प्रतिभेच्या अभावात शोधणाऱ्यांनी आधी या कागदाकडे पाहावे.

चर्चलाही काही विचारायचे आहे. अण्णाने मंडळ का सोडले? त्याचे विहिरीचे पद उपासनेत नको, असे त्याला सांगण्यात आले. त्यात ‘राजकारण’ आहे म्हणे. आता तेथे तरुण मुले कीबोर्ड आणि गिटार घेऊन गातात. हिंदी आणि इंग्रजी गाण्यांची ती मराठी रूपे आहेत, आशीर्वाद आणि आनंद यांनी ओथंबलेली. टिळकांनी जो परका श्वास घालवला तो पुन्हा आला आहे. त्या गाण्यात घोडनदी नाही, कुरकुंभचा धूर नाही, उसाच्या फडातली बाई नाही. ती गाणी कोठेही गाता येतील, म्हणून ती कोठलीच नाहीत. टिळकांशी मी भांडलो, पण या गाण्यांपुढे मी टिळकांच्या बाजूने उभा राहीन.

आणि आपल्या चळवळीलाही विचारायचे आहे. १९३८ च्या जानेवारीत सोलापूरच्या ख्रिस्ती सभेत बाबासाहेब बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांचे आकर्षण त्यांनी मान्य केले, आणि ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध लढला नाही, हेही तोंडावर सांगितले. तो आक्षेप आपण उचलला आणि त्याची भिंत केली. बाबासाहेब त्या सभेत गेले होते, त्यांच्याशी बोलले होते, हे मात्र विसरलो. आपल्या संमेलनांत ख्रिस्ती दलित कवीला व्यासपीठ किती वेळा मिळाले? फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा ख्रिस्ती मराठीचा गौरव झाला. ते योग्यच झाले. पण तो वसईच्या परंपरेचा गौरव होता. नगर-शिरूरच्या महार-मांग ख्रिस्त्याला ना ती परंपरा आपला म्हणते, ना आपण. तो बोळात उभा आहे, दोन भिंतींच्या मध्ये.

माझे म्हणणे थोडक्यात असे. ‘उपासना-संगीत’ आपण वाचले पाहिजे, कारण ते आपल्या माणसांनी शंभर वर्षे गायले आहे. आणि जे आपल्या गळ्यातून गेले ते परके राहत नाही. टिळकांना मोठा कवी म्हणून मान द्यावा, आणि त्यांनी भक्त बदलला नाही हेही लिहावे. रमाबाईंची भाषेविषयीची शंका आपल्या खात्यात जमा करावी. आणि जी पदे नावावाचून फिरत आहेत ती गोळा करावी. नाव घालता येत नसेल तर जागा मोकळी ठेवून छापावी. ती मोकळी जागाच वाचकाला काय ते सांगेल.

परवा अण्णाचा आवाज बोळातून आला. तेच पद होते, पण शेवटची ओळ त्याने बदलली होती. आता ठेका तुटत नाही. बाई आपली घागर विहिरीच्या काठावर ठेवते आणि येशूला म्हणते, थांब, आधी मी पिते. मी त्याला विचारले, ही ओळ कधी सुचली? तो म्हणाला, “पोरगी कालेजात गेली त्या दिवशी.” ओळ चांगली आहे. यमक अजूनही लंगडतेच आहे.